जिन्यातल्या बाईला खुर्ची

कवळी आत डॉक्टरांच्या हातात होती आणि ती स्वतः बाहेर, बाकाच्या टोकाला, तोंडावर रुमाल धरून बसली होती, तेवढ्यात समोरची बाई फोनवर म्हणाली, "अगं, घाबरतेस काय एवढी? जिन्यातली बाई आहे ती नुसती. खुर्ची दे तिला. बसेल, दमेल आणि जाईल निघून."

खिडकी लावून घे, पंखा बंद कर, असं म्हणावं तितक्या सहज ती म्हणाली आणि पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत पुढचं ऐकायला लागली. आत डॉक्टर कवळी घासत होते, त्याचा बारीक किर्र आवाज येत होता. तो आवाज मध्येच थांबला, की आपल्या कानांनीच ऐकणं सोडून दिलं, हे तिला कळलं नाही. दात नसले की ओठ आत ओढले जातात, तोंड स्वतःलाच गिळायला निघाल्यासारखं. तिने जीभ वरच्या हिरडीवरून फिरवली. जिथे टोचत होतं तिथे अजून हुळहुळत होतं. म्हणजे आपण जाग्या आहोत. समोर पन्नाशीची, केस आखूड कापलेली, पायात चांगल्या चपला असलेली एक बाई आहे, जिला आपण जन्मात कधी पाहिलेलं नाही, आणि तिच्या तोंडात आपला शब्द आहे. नुसता शब्द असता तर एक वेळ चाललं असतं. जिन्यात बायका असतातच. जिना झाडणाऱ्या, पिशव्या टेकवून दम खाणाऱ्या, वरच्या मजल्यावरचं कानावर पडावं म्हणून उगाच पायरीवर रेंगाळणाऱ्या. पण खुर्ची? आणि 'बसेल, दमेल' हे? बसून कुणी दमतं का? ही उलटी गंमत तर आपल्या नवऱ्याची होती. जगाच्या पाठीवर हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

नाव पडलं ते लग्नानंतरच्या पहिल्या खोलीत. जिन्याच्या तोंडाशीच खोली, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याचं पाऊल आधी त्यांच्या घरात वाजायचं आणि मग पुढे जायचं. एका दुपारी सगळं ठीक होतं. त्याला गाडी शिकवण्याच्या शाळेत पक्की नोकरी लागली होती, खिडकीला नवी काच बसली होती, सासूबाई धाकट्या दिरांकडे गेल्या होत्या आणि दोघं जमिनीवर पाय पसरून उगाच हसत होती. हसता हसता तिच्या पोटात गोळा आला. का, ते सांगता येईना. काहीच वाईट घडलं नव्हतं, आणि नेमकी त्याचीच भीती वाटत होती. तेवढ्यात खालून पावलं आली. एक मजला चढली आणि मधल्या वळणावर थांबली. वर येईनात, खाली जाईनात. दोघं श्वास धरून बसली. "कोण असेल?" तो पुटपुटला. "जिन्यातली बाई," ती म्हणाली. "आपलं बरं चाललं की ती तिथवर येते आणि उभी राहते." त्याने दाराकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मग किती वेळ उभी ठेवायची बिचारीला? खुर्ची दे. बसून बसून दमेल आणि जाईल." गोळा विरघळला. पुढे कधीही सगळं सुरळीत असलं आणि तिचा हात मध्येच थबकला, की तो पेपरामागून विचारायचा, "आली का?" ती म्हणायची, "आलीय. मधल्या पायरीवर आहे." की तो म्हणायचा, "दे खुर्ची." बस, एवढंच. पण त्या एवढ्यावर त्यांचे कितीतरी दिवस पार पडले.

मग तिला नादच लागला. ज्याला हात लावता येत नाही, डोळ्यांनी दिसत नाही, अशा प्रत्येक गोष्टीला तिला नाव हवं असायचं, आणि नावही असं की घरातल्या खुंटीला टांगता आलं पाहिजे. माफ करून झालं तरी आत दमट राहिलेलं भांडण, ते ओला टॉवेल. दुसऱ्याचं सुख भिंतीपलीकडून ऐकू येतं आणि आपल्याला धड गाणंही कळत नाही, नुसती धडधड कळते, तो शेजारचा रेडिओ. चूक अगदी सुरुवातीला झालेली असते आणि कळते शेवटाला, ते पहिलं बटण. तो कामावरून आला आणि नुसतं म्हणाला, "आज पहिलं बटण," की तिला सगळं कळायचं, आणि ती शर्ट घ्यायला हात पुढे करायची. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या सूनबाई नावं ठेवण्यात भारी हुशार." ती म्हणायची, "तुम्हाला नाही हो ठेवत." सासूबाई म्हणायच्या, "मला कशाला ठेवशील? मी काय डोळ्यांना दिसत नाही का!" आणि स्वतःच आधी हसायच्या. ही नावं घराबाहेर जात नसत. तसं कुणी ठरवलं नव्हतं. दात घासायचा ब्रश जसा आपण शेजाऱ्याला देत नाही, तसंच ते होतं.

समोरची बाई फोन कानाला लावून आता नुसती "हं, हं" म्हणत होती. मध्येच म्हणाली, "झोपलंय ना शांत? मग झालं तर! बाळ झोपलं की आईनं झोपावं. तू काय त्याच्या नाकापाशी बोट धरून बसलीयेस?" तिने रुमाल तोंडावर घट्ट दाबला. बाळ. बाई बाळाच्या घरात खुर्ची द्यायला सांगत होती. ती उठायला गेली आणि परत बसली. बोलणार कशाने? दातांशिवाय तिचे सगळे शब्द वाऱ्यासारखे फसफसत बाहेर येत. एक म्हातारी येऊन तोंडावर रुमाल धरून काहीतरी फुसफुसते आहे, तर बाई म्हणेल, काउंटरवर विचारा हं आजी. तिने दाराकडे पाहिलं. आत किर्र सुरू होतं. लवकर करा हो, लवकर, ती मनात म्हणाली. टोचलं तरी चालेल.

कारण तिलाही मुलगी होती. होती म्हणजे, तीन वर्षांची होईपर्यंत होती. त्या खोलीनंतर त्यांनी जरा मोठं घर घेतलं. मुलगी पायात पायात घोटाळायची, बापाची चप्पल घालून घरभर गाडी चालवायची आणि तोंडाने ब्रेकचा आवाज काढायची. सगळं ठीक होतं. इतकं ठीक, की जिन्यातली बाई रोज यायला लागली. एका संध्याकाळी तो दमून आला होता, पोर त्याच्या पोटावर झोपली होती, आणि हिने चुलीपाशी उभं राहून हसत हसत म्हटलं होतं, "आज ती पार दाराशी आलीय हं." तो अर्धवट झोपेत म्हणाला, "दे मग खुर्ची." आणि हिने, कशी कोण जाणे, गंमत म्हणून, खरोखरीची खुर्ची उचलून उंबरठ्याच्या आत ठेवली. त्याच आठवड्यात पोरीला ताप भरला. डॉक्टर झाले, औषधं झाली, मोठं हॉस्पिटल झालं. सगळं आटोपून दोघं परत आली तेव्हा ती खुर्ची तशीच दाराशी होती. कुणीतरी समाचाराला येऊन तिच्यावर बसून गेलं होतं. खुर्ची पाहिली आणि तिचा पाय उंबरठ्यातच थांबला. आपणच नाव दिलं. आपणच बोलावलं. आपणच बसायला दिलं. ज्याला नाव नाही ते वाट चुकतं. नाव दिलं की त्याला पत्ता मिळतो. हे ती कुणाला बोलली नाही, कारण बोललं असतं तर लोकांनी समजावलं असतं, आणि समजावणं तिला सोसवलं नसतं. त्याला मात्र एकदाच म्हणाली, "ते नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही. घरात नाही, बाहेर नाही, कुठेच नाही." तो म्हणाला, "नाही घेणार."

त्यानंतर तिने कशालाच नाव दिलं नाही. बोलणंही हळूहळू गरजेपुरतं उरलं. दार उघडा, दूध संपलं, तुमचा फोन होता. वर्षांमागून वर्षं अशी गेली. तो दिवसभर लोकांना गाडी शिकवून यायचा आणि जेवताना समोर बसायचा. त्याच्या उजव्या पायाला एक सवय होती. शिकवायच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे मास्तरांचा वेगळा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर मास्तरांनी दाबायचा. तो पाय घरीसुद्धा स्वस्थ नसायचा. ती भांडी आदळायला लागली, किंवा खिडकीशी फार वेळ उभी राहिली, की टेबलाखाली त्याची टाच जमिनीला टेकलेली आणि चवडा किंचित वर उचललेला. तिला ते दिसायचं आणि तिचा संताप व्हायचा. मी काय तुमची गाडी आहे? असं विचारावंसं वाटायचं. विचारलं कधी नाही. पुढे बोलणं थोडं परत आलं, म्हातारपणी येतं तसं, गुडघ्यांविषयी, गोळ्यांविषयी. नावं काही परत आली नाहीत. आणि मग तो गेला.

आता ही बाई. तिने रुमालाच्या कडेवरून नीट पाहून घेतलं. तरुणपणी देखणी असणार. तेव्हाची शेजारीण एकदा डोळे मिचकावत म्हणाली होती, "मजा आहे तुमच्या मालकांची! परक्या बायकांच्या शेजारी बसायचा पगार मिळतो." तेव्हा ती खळखळून हसली होती. ते वाक्य इतकी वर्षं कुठे पडून होतं? आता ते उठून उभं राहिलं, अंगावरची धूळ झटकून. घरात मुकी बायको, आणि गाडीत? माणूस बोलणार कुठेतरी. पण बोलायला दुसरं काही नव्हतं का? रंग, सिनेमे, महागाई, काही कमी आहे जगात? नेमकं तेच द्यायला हवं होतं? जे मला वचन देऊन गाडून टाकलं होतं? दुसरी बाई असती तर एक वेळ सोसलं असतं, हे तिला स्वतःलाच आश्चर्याने जाणवलं. या वयात त्याचं काय? पण दुसऱ्या बाईच्या घरात आपली ती खुर्ची असावी, आणि ती तिथे लेकीसुनांपर्यंत वापरात असावी, हे मात्र तिला सोसवेना. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, कुठेतरी एक तान्हं बाळ झोपलेलं होतं आणि एक अजाण आई दाराशी खुर्ची नेत होती.

"आजी, या आत." डॉक्टरांनी हाक मारली. कवळी बसवताना त्यांचा अंगठा तिच्या तोंडात होता आणि तिचे डोळे दाराकडे. "चावून बघा. आता? जरा डावीकडे चावा. घाई काय एवढी, आजी? दात म्हणजे काय बांगड्या आहेत का, चढवल्या की झालं?" ती म्हणाली, "ठीक आहे. छान आहे." अजून टोचत होतं. बाहेर आली तर बाक रिकामा. काउंटरवरच्या बाईने काही म्हणायच्या आत ती दाराबाहेर पडली. लिफ्टपाशी कुणी नव्हतं. जिन्याकडे वळली, कठड्याला धरून एक वळण उतरली, आणि थबकली. मधल्या पायरीवर बाई उभी होती. फोन संपला होता. पर्समध्ये हात खुपसून किल्ली शोधत होती. वर येत नव्हती, खाली जात नव्हती. तिला वाटलं, आता आपल्याला हसू येईल किंवा आपण इथेच कोसळू. दोन्ही झालं नाही.

"अहो, जरा थांबता का?" तिने हाक दिली. आवाज नव्या दातांतून जरा परकाच आला.

बाईने वर पाहिलं. "कवळी बसली का हो नीट? मघाशी मला तुमचा रुमाल बघून माझ्या आईचीच आठवण झाली. हळू या. त्या पायरीची कड गेलीये."

"तुम्ही मघाशी फोनवर बोललात ते. जिन्यातली बाई. ते कुठून ऐकलंत तुम्ही?"

"अय्या, ऐकलंत होय?" बाई लाजून हसली. "मी मेली बोलते ती मोठ्यानं. मुलीला सांगत होते. बाळंतीण आहे. बाळ छान, नवरा चांगला, सासू तर माझ्यापेक्षा बरी. आणि हिला सारखं रडू. म्हणते, आई, एवढं सगळं चांगलं आहे ना, म्हणून भीती वाटते. तर आमच्याकडे त्याला नाव आहे. म्हणजे आमचं नाही ते. मला गाडी शिकवायचे ते मास्तर, त्यांचं. म्हणजे त्यांचंही नाही, त्यांच्या बायकोचं."

तिने कठडा घट्ट धरला. "बायकोचं?"

"हो ना. मास्तर प्रत्येक वेळी सांगायचे, हे माझं नाही हं, घरचं आहे. माझे हात स्टिअरिंगवर नुसते लटलट कापायचे. इंजिन चालू, रस्ता रिकामा, अडचण काही नाही, आणि मला घाम. तेव्हा त्यांनी हे सांगितलं पहिल्यांदा. आणि मग कायम काही ना काही. येताना नवीनच आणायचे. गाडीत बसले की म्हणायचे, काल घरी एक नाव निघालं."

"काल?" ती म्हणाली. "कधीची गोष्ट ही?"

"मी कॉलेज सोडलं त्या वर्षी. जुना पूल पाडून नवा बांधत होते बघा, तेव्हा. पुलाखालून वळसा घालून शिकलो आम्ही सगळे."

जुना पूल. ते वर्ष तिला पाठ होतं. त्या वर्षी ती घरात कदाचित शंभर वाक्यं बोलली असेल, आणि त्यातली निम्मी दूधवाल्याशी. "काय काय निघायचं घरी?" तिने विचारलं. हिरडी ठणकत होती.

"आता एवढं थोडंच आठवणार! पण काही राहिलीत. मी आरशातच बघत बसायचे, तर म्हणाले, आमच्याकडे याला दुधावरची नजर म्हणतात. बघत राहिलात तर उतू जात नाही, आणि डोळा हलला की गेलंच. मग एक उसनी छत्री. दुसऱ्याच्या धिरावर चार पावलं जायचं, त्याला. म्हणायचे, परत करायची आठवण ठेवा म्हणजे झालं. मला फार आवडायचं ते. मी एकदा म्हटलं, मास्तर, एवढ्या हुशार आहेत त्या, तर एकदा घेऊन चला ना घरी, बघू तर द्या. तर म्हणाले..." बाई थांबली, किल्ली सापडली होती ती हातात धरून. "म्हणाले, सध्या तिचं बोलणं जरा बंद आहे. पण नावं चालू आहेत."

कुणीतरी खालून वर आलं, दोघींच्या मधून वाट काढून निघून गेलं. तिने अंग चोरून घेतलं. दुधावरची नजर. उसनी छत्री. ही नावं तिने कधीच दिली नव्हती. त्या वर्षांत तिने फुटक्या कपाला सुद्धा नाव दिलं नव्हतं. म्हणजे तो ती बनवत होता. रस्त्यात, सिग्नलला, पुलाखालच्या चिखलात गाडी पुढे-मागे घेत असताना. स्वतः बनवायचा आणि तिच्या नावावर खपवायचा, रोज परक्यांना सांगायचा की घरी सगळं पूर्वीसारखंच आहे. आणि संध्याकाळी घरी यायचा, बूट काढायचा, विचारायचा, "दूध आहे का?" ती म्हणायची, "संपलं." टेबलाखाली त्याचा चवडा उचललेला.

"तुम्ही ओळखत होतात का मास्तरांना?" बाईने विचारलं.

"शेजारी होते," ती म्हणाली.

"मग चला, सोडते तुम्हाला. शेजारी म्हणजे तिकडेच राहत असाल. मलाही त्याच बाजूला जायचंय." तिने नको म्हणायला तोंड उघडलं, पण बाईने तिचा हात धरलासुद्धा होता. त्या हाताच्या आधाराने ती उरलेल्या पायऱ्या उतरली. गाडीत बसताना बाईने तिच्या पदराचं टोक दारातून आत घेतलं, पट्टा लावून दिला, आणि मग आरसा, गिअर, पुन्हा आरसा, अशा एका ठरलेल्या क्रमाने सगळ्यांना बोट लावलं. तो क्रम तिने घरात पाहिला होता. झोपण्याआधी तो तसाच चष्मा, घड्याळ, पुन्हा चष्मा असं चाचपायचा.

रस्ता दुपारचा होता, सैल. दुकानं अर्धी शटर ओढून बसली होती. बाई चांगली चालवत होती. एका वळणाशी वेग कमी करत म्हणाली, "ते नाव मात्र बाहेर काढायचं नाही असं बजावलं होतं हं त्यांनी. जिन्यातली बाई. गाडीतच ठेवायचं, म्हणाले, घरी बंदी आहे. आणि मी बघा, दिलं मुलीला. काय करणार, तेच कामाला येतं."

"बंदी का होती, सांगितलं का?"

पुढे एक सायकलवाला आडवा जात होता, त्याला बाईने जाऊ दिलं. "सांगितलं एकदा. शेवटच्या दिवशी, माझी परीक्षा झाल्यावर. त्यांची मुलगी गेली होती हो लहानपणी. बायकोनं मनात धरलं की नाव दिलं म्हणून झालं. मी म्हटलं, मास्तर, मग तुम्ही समजावत का नाही? तर म्हणाले, ती समजावण्यातली नाही. आणि मला तरी काय मोठं कळतं? मला एवढंच कळतं, की नाव दिलं नसतं तरी व्हायचं ते झालंच असतं. पण नाव होतं तोवर आम्ही दोघं एकाच बाईला घाबरत होतो. आता ती एकटी घाबरते आणि मी एकटा घाबरतो." बाईने गिअर बदलला. "मी तेव्हा केवढी, मला काय समजणार? लग्न झाल्यावर कळलं."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. दोघं एकाच बाईला. तिला वाटायचं की तो विसरला. तिला वाटायचं की पुरुषांचं बरं असतं, बाहेर जातात, दहा माणसांत मिसळतात, विसरतात. म्हणजे तोही घाबरत होता, रोज, इथे, अशाच सीटवर, नवशिक्यांच्या शेजारी, आणि भीतीला तेच नाव घेऊन हाक मारत होता, कारण घरी मारता येत नव्हती. वचन मोडलं होतं त्याने. मोडलंच होतं. त्याचा राग तिला अजून येत होता, आणि राग येतो आहे हे तिला बरं वाटत होतं, कारण राग यायला माणूस समोर असावा लागतो.

"आणि एक होतं बघा," बाई म्हणाली. "दुसरा ब्रेक. मी विचारलं, मास्तर, तुमच्या पायाशी ब्रेक आहे, मग मी चुकले तरी तुम्ही दाबत का नाही? तर म्हणाले, बायको सांगते, दुसरा ब्रेक दाबायला नसतो. पाय तयार ठेवायचा आणि दाबायचा नाही. सगळ्यात अवघड काम तेच आहे, म्हणते."

मी नाही म्हटलं असं, हे सांगायची काहीच गरज नव्हती.

तेवढ्यात गाडीतच फोन वाजला, पुढच्या पट्टीवर नाव उजळलं, आणि बाईने बोट टेकवताच एका मुलीचा आवाज सबंध गाडीत भरला. "आई, मी दिली खुर्ची. मनातल्या मनात. पण ती अजून उभीच आहे गं." आवाज रडून रडून घोगरा झाला होता. "आणि आता मला असं वाटतंय की खुर्ची दिली म्हणजे मीच तिला आत घेतलं. आई, कुठे ठेवायची असते खुर्ची? आत की बाहेर?"

"अगं, तसं काही नसतं, राणी," बाई गडबडून म्हणाली. "कुठेही ठेव. मास्तरांनी काही तसं..." आणि तिने शेजारी पाहिलं, मदत मागावी तसं, का ते तिचं तिलाही माहीत नसावं.

पोटात गोळा आला. तोच, ओळखीचा, इतक्या वर्षांनी जसाच्या तसा. ते नाव पुन्हा तोंडाने घ्यायचं, आणि तेही ज्या घरात तान्हं बाळ झोपलंय त्या घरासाठी. घेतलं आणि उद्या काही झालं तर? आणि नाही घेतलं, तर ही पोर तिकडे एकटी, बाळाच्या नाकापाशी बोट धरून, किती वर्षं? तिने जीभ वरच्या हिरडीवरून फिरवली. कवळी जागेवर होती.

"हे बघ बाळ," ती म्हणाली. "जिन्यातली बाई ती. जिन्यातच राहते. खुर्ची तिथेच द्यायची, मधल्या वळणावर. घरात आणायची नसते. मी एकदा आणली होती. त्यानं काही होत नाही. पण तिला आवडत नाही आत, अवघडून बसते बिचारी. तू बाहेर दे, आणि दार नुसतं लोटून घे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

बाईने गाडी कडेला घेतली होती. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते आणि ती वळून, डोळे मोठे करून बघत होती.

"मास्तरांच्या घरून," ती म्हणाली.

"बसली का आता?" तिनेच थोड्या वेळाने विचारलं. "बघ बरं नीट."

"बसली," मुलगी म्हणाली. आणि मग, अगदी लहान आवाजात, "कधी जाते हो ती?"

"दमली की," ती म्हणाली. "बसून बसून दमते."

बाईने डोळे पुसले, आरसा, गिअर, पुन्हा आरसा असं बोट लावलं आणि गाडी परत रस्त्यावर घेतली. घर आता जवळ आलं होतं. पुढे चौकात सगळीकडून गाड्या येत होत्या आणि बाईचे हात किंचित कापत होते, ते तिला दिसलं. ती नुसती समोर पाहत राहिली. खाली तिची टाच पायपुसणीला टेकली होती आणि उजव्या पायाचा चवडा जरासा वर उचललेला होता, तिथे काहीच नव्हतं तरी, तयार.